फिरत्या संमेलनाचे पडदे

मराठी साहित्य संमेलनाची छापील कार्यक्रमपत्रिका बहुधा पहिल्या दुपारीच मागे पडते. उद्घाटन लांबते, त्यानंतरचा परिसंवाद तासभर सरकतो, एखादा वक्ता वाटेत अडकतो, एका मंडपातली मुलाखत दुसऱ्या मंडपात हलवावी लागते. यात आयोजकांचा ढिसाळपणाच असतो असे नाही. हजारो माणसे, मोजके दिवस आणि एकाच वेळी चालणारी अनेक व्यासपीठे म्हटल्यावर हे व्हायचेच. अडचण पुढे येते. बदललेली वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथप्रदर्शनात पुस्तके चाळणाऱ्या वाचकापर्यंत पोचवायची कशी? ध्वनिक्षेपकावरची सूचना त्या क्षणी ज्याचे लक्ष असेल त्यालाच कळते. फ्लेक्स आदल्या रात्री छापून आलेला असतो, त्यावर फार तर कागद चिकटवता येतो. म्हणून मोठ्या कार्यक्रमांत टीव्हीचे पडदे आणि एलईडीच्या भिंती दिसू लागल्या. त्या भाड्याने मिळतात, उभ्या करून देणारी माणसेही मिळतात. मात्र या पडद्यांवर काय, कधी आणि कोणी दाखवायचे हे सांभाळणारे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कोणी निवडलेलेच नसते. ऑपरेटरच्या लॅपटॉपवर जे असेल, ते चालते. ही निवड विचारपूर्वक केली तर खर्च तर वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचे काही हाती लागते.

डिजिटल फलकाच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग असतात. एक भाग पडद्यामागच्या छोट्या संगणकात बसतो आणि दिलेली चित्रे, व्हिडिओ किंवा वेबपाने ठरलेल्या क्रमाने दाखवत राहतो. त्याला प्लेअर म्हणतात. दुसरा भाग म्हणजे व्यवस्थापक. कोणत्या पडद्यावर किती वाजता काय दिसावे हे तिथे एका जागी बसून ठरवायचे. बाजारात हे दोन्ही भाग मासिक वर्गणीवर, दर पडद्यामागे अमुक रक्कम अशा हिशेबाने मिळतात. दुकाने, बँका, रुग्णालये अशा ठिकाणी, जिथे पडदा वर्षानुवर्षे त्याच भिंतीवर असतो, तिथे ही रीत ठीक आहे. तीन-चार दिवसांत उभा राहून मोडणाऱ्या कार्यक्रमाचे गणित वेगळे असते. माझे म्हणणे असे की अशा कार्यक्रमाने मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरच घ्यावे, आणि ते फुकट मिळते हे त्याचे सर्वांत लहान कारण आहे. इंटरनेट नसलेल्या मैदानावर, कोणाच्या सर्व्हरची परवानगी न घेता ते चालवता येते. आणि कार्यक्रम संपल्यावर सगळी मांडणी जशीच्या तशी पुढच्या यजमानाच्या हाती देता येते. ही दोन कारणे मोठी आहेत.

दुसरे कारण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तर तंतोतंत लागू पडते. २०२२ साली ते उदगीरला झाले, २०२३ला वर्ध्याला, २०२४ला अमळनेरला आणि २०२५ला दिल्लीत. यजमानही प्रत्येक वेळी निराळे होते: उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय, वर्ध्याला विदर्भ साहित्य संघ, अमळनेरला मराठी वाङ्मय मंडळ, दिल्लीत पुण्याची सरहद संस्था. ज्या साहित्य महामंडळाच्या नावाने संमेलन भरते त्याचे कार्यालयसुद्धा दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. म्हणजे दरवर्षी नवे गाव, नवे मैदान, नवी स्वागत समिती आणि नवे स्वयंसेवक. एका वर्षी जे शिकले गेले ते मांडवाबरोबर उतरवले जाते आणि पुढच्या वर्षी दुसरी माणसे तेच पुन्हा पहिल्यापासून शिकतात. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशनही असेच दर दोन वर्षांनी नव्या शहरात भरते. २०२४ साली ते सॅन होजेला झाले. यजमान बदलत राहणाऱ्या कार्यक्रमाला जे साधन एकाच संस्थेच्या नावाच्या खात्यात अडकलेले असते, ते कितीही सुबक असले तरी दरवेळी नव्याने विकत घ्यावे आणि नव्याने मांडावे लागते.

इथे परवान्याचा मुद्दा येतो, आणि तो वकिली किचकटपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जीपीएल हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली आणला. त्याखालचे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता येते, त्याची रचना उघडून पाहता येते, त्यात बदल करता येतात आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. डिजिटल फलकांसाठीचे झिबो हे ब्रिटनमध्ये तयार झालेले सॉफ्टवेअर याच कुळातल्या एजीपीएल परवान्याखाली मिळते, तर अँथियस, ज्याचे आधीचे नाव स्क्रीनली ओएसई होते, ते जीपीएलखाली. पैसे न घेता वापरू दिलेले प्रत्येक सॉफ्टवेअर या वर्गात बसत नाही. पुष्कळ कंपन्या एक-दोन पडद्यांपुरती मोफत खाती देतात. उद्या अटी बदलल्या की ती खाती बंद होतात किंवा महागतात, आणि त्यात मांडलेले काम बाहेर काढायची सोय असेलच असे नाही. स्वागत समितीने पहिला प्रश्न हाच विचारावा: हे सॉफ्टवेअर आम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर, कोणाचेही खाते न उघडता चालवू शकतो का, आणि त्याची प्रत पुढच्या यजमानाला कायदेशीरपणे देऊ शकतो का?

यावर एक चोख हरकत घेता येईल. वर्गणीवाल्या सेवा चौदा दिवस, महिनाभर विनामूल्य वापरून पाहू देतात. संमेलन तर तीन-चार दिवसांत संपते. मग चाचणीच्याच काळात काम उरकून घ्यायला काय हरकत आहे? शहरातल्या वातानुकूलित सभागृहात, भरवशाच्या इंटरनेटवर, एक दिवसाची परिषद असेल तर खरोखर काहीच हरकत नाही, आणि तिथे मुक्तस्रोताचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. पण या सेवांचा व्यवस्थापक दूरच्या सर्व्हरवर असतो. तालुक्याच्या गावी, मैदानावर, दहा हजार मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असताना त्या सर्व्हरपर्यंत पोचणे हीच मोठी परीक्षा ठरते. आधी भरून ठेवलेला मजकूर बहुतेक चांगले प्लेअर इंटरनेट गेल्यावरही दाखवत राहतात. बदल मात्र पोचत नाही, आणि पडदे उभारले होते ते बदल पोचावा म्हणूनच. परदेशातल्या अधिवेशन केंद्रांत इंटरनेट चांगले असते, पण बहुधा ते वेगळ्या दराने विकत घ्यावे लागते. व्यवस्थापक मैदानावरच्याच एका लॅपटॉपवर ठेवला, साध्या राउटरने आपले स्वतःचे जाळे केले, तर बाहेरचे इंटरनेट असो वा नसो, कार्यालयातून केलेला बदल भोजनमंडपातल्या पडद्यावर जातो. ही मांडणी करू देणारी साधने मुख्यत्वे मुक्तस्रोतातच सापडतात.

हे जाळे वायफायवर सोडू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या मुळात तीनच आहेत, आणि गर्दीतले मोबाइल, दुकानदारांचे हॉटस्पॉट, पत्रकारांचे राउटर हे सगळे त्यांच्यावरच येऊन पडतात. नेटवर्कची केबल शंभर मीटरपर्यंत नीट चालते, तिला गर्दीशी देणेघेणे नसते. एचडीएमआयची साधी केबल मात्र दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. म्हणून प्लेअर पडद्याच्या पाठीशीच बांधावा आणि कार्यालयापासून तिथपर्यंत नेटवर्कची केबल न्यावी. मंडपवाला विजेच्या वायरी खांबांवरून नेतो तेव्हाच ही केबलही चढवून घ्यावी, फक्त विजेच्या वायरींपासून थोडे अंतर ठेवून. आदल्या रात्री खुर्च्या लागल्यावर ती ओढायला गेले तर पायाखाली येते.

विजेचा प्रश्न याहून मोठा आहे. वीज जाते आणि जनरेटर चालू होतो, त्या मधल्या काही सेकंदांत पडद्यामागचा संगणक धाडकन बंद पडतो. या कामासाठी जगभर लोकप्रिय असलेला रास्पबेरी पाय हा खिशात मावणारा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरना बाजारात आला. तो काही वॅट विजेवर चालतो, त्याला पंखा बहुधा लागत नाही, पडद्यामागे सहज चिकटतो. पण तो मेमरी कार्डावर चालतो आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर ते कार्ड बिघडू शकते. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डावर काहीच लिहू न देण्याची सोय आहे आणि पुष्कळजण ती सुचवतात. मात्र मग दिवसभरात केलेले बदल वीज जाताच पुसले जातात आणि पडदा सकाळच्या मजकुरावर परत येतो, हे कोणी सांगत नाही. बदलत्या मजकुराच्या पडद्यासाठी ही सोय निरुपयोगी आहे; तिथे साधा यूपीएस लावावा. इतक्या कमी विजेवर चालणाऱ्या यंत्राला संगणकाचा नेहमीचा यूपीएससुद्धा बराच वेळ धरून ठेवतो. याशिवाय जवळ एक जास्तीचा रास्पबेरी पाय आणि तयार कार्डाच्या दोन प्रती असाव्यात. बिघडलेले दुरुस्त करत बसण्यापेक्षा कार्ड बदलणे दोन मिनिटांचे काम आहे.

घड्याळाची गोष्ट तर पुष्कळ अनुभवी माणसांच्याही ध्यानात येत नाही. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत त्यात स्वतःचे घड्याळच नव्हते. २०२३च्या पाचव्या आवृत्तीत ते आले, पण त्याला लागणारी बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट असते तेव्हा तो वेळ बाहेरून घेतो. नसते तेव्हा शेवटी नोंदवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. म्हणजे तासभर वीज गेली तर परत चालू झालेला पडदा तासभर मागे असतो आणि अकराच्या परिसंवादाची वेळ झाली तरी दहाच्या कवितावाचनाचे आमंत्रण देत राहतो. मैदानावर कोणालाही वाटेल की सॉफ्टवेअर बिघडले. उपाय सोपा आहे: व्यवस्थापकाच्या लॅपटॉपलाच जाळ्यातला वेळ सांगणारा सर्व्हर करायचे आणि सगळ्या प्लेअरना वेळ त्याच्याकडून घ्यायला लावायचे. पण हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणूनच रंगीत तालीम घेताना इंटरनेटची तार काढून, विजेचे बटण दोन-तीनदा बंद-चालू करून पाहावे. सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांची लांबलचक यादी वाचण्यापेक्षा या एका चाचणीतून निवडीसाठी अधिक कळते.

आता नेमके काय घ्यावे? उत्तर पडद्यांच्या संख्येवर आणि मजकूर किती वेळा बदलणार यावर ठरते. एक-दोन पडदे असतील आणि त्यांवर प्रायोजकांची नावे, स्वागताचा मजकूर, संमेलनाध्यक्षांचा परिचय एवढेच फिरवायचे असेल तर डिजिटल फलकाचे सॉफ्टवेअर घेऊच नये. टीव्हीला पेनड्राइव्ह लावावा, किंवा लॅपटॉपवर लिबरऑफिस इम्प्रेसचा स्लाइड शो पुन्हापुन्हा चालू राहील असा लावून द्यावा. व्हिडिओ असेल तर व्हीएलसी आहे. १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून ते आले आणि तेही मुक्तस्रोतच आहे. पेनड्राइव्हची मर्यादा पडदे वाढले की कळते. सहा पडदे असतील तर एका बदलासाठी स्वयंसेवकाला सहा ठिकाणी धावावे लागते, आणि चौथ्या पडद्यापर्यंत पोचेतो पुढचा बदल आलेला असतो.

तीन-चार पडद्यांसाठी अँथियस चांगले. त्याची तयार प्रत कार्डावर उतरवायची, कार्ड रास्पबेरी पायमध्ये घालायचे, की पडद्यावर एक पत्ता दिसतो. तो पत्ता जाळ्यातल्या लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडला की चित्रे, व्हिडिओ, वेबपाने चढवता येतात, प्रत्येकाला किती सेकंद दाखवायचे आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सांगता येते. महाविद्यालयातला कोणताही विद्यार्थी अर्ध्या तासात शिकेल इतके ते सरळ आहे. सगळे पडदे एका जागेवरून हाकण्याची सोय मात्र त्यात नाही, प्रत्येक यंत्राचे पान वेगळे उघडावे लागते. आणि सुरुवातीला ते पासवर्डाविना उघडे असते. पासवर्ड घातला नाही तर जाळ्यात शिरलेला कोणीही संमेलनाच्या पडद्यावर हवे ते झळकवू शकेल. साहित्य संमेलनात वाद कशावरून होतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या धोक्याचे वजन सांगायला नको. फलकांचे जाळे आणि पाहुण्यांना दिलेले वायफाय पूर्ण वेगळे ठेवावे, आणि पासवर्ड दोनच माणसांकडे असावा.

पडदे सहा-सात किंवा अधिक झाले, मंडपागणिक मजकूर वेगळा हवा असला, की झिबोकडे जावे. त्याचा व्यवस्थापक एका बऱ्यापैकी लॅपटॉपवर बसतो. बसवताना इंटरनेटवरून बरेच काही उतरवून घ्यावे लागते, म्हणून ते काम गावी जाण्याआधी, शहरात उरकावे. विंडोज आणि लिनक्स यांच्यासाठीचे त्याचे प्लेअर विनामूल्य आहेत, त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले जुने संगणक पडद्यांमागे लावता येतात, आणि त्यांना स्वतःचे घड्याळ असल्याने वरची अडचणही टळते. भाड्याच्या टीव्हीतच अँड्रॉइड असते, म्हणून वेगळा संगणक कशाला, असा मोह होईल. पण झिबोचा अँड्रॉइडवरचा प्लेअर विकत घ्यावा लागतो, तसेच काही कंपन्यांच्या टीव्हींत बसणारे प्लेअरही. हे अंदाजपत्रक करताना कळलेले बरे. प्लेअर पुढचे वेळापत्रक आणि मजकूर स्वतःजवळ उतरवून ठेवतो, त्यामुळे केबल तुटली तरी पडदा काळा पडत नाही. कोणी मजकूर लिहायचा, कोणी मंजूर करायचा, कोणत्या पडद्यांवर कोणाची सत्ता, हेही वाटून देता येते. मजकूर अनेकांनी पाठवावा आणि संपादकाने निवडावा ही कल्पना अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या कॉन्सर्टो या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या तर मुळाशीच आहे.

झिबोतली जी सोय संमेलनासाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती तक्त्याची. कार्यक्रम, व्यासपीठ, वेळ, वक्ते असे रकाने असलेला तक्ता आत भरून ठेवायचा आणि पडद्यावरची मांडणी तो तक्ता वाचून आपोआप तयार होईल असे करायचे. मग वेळ बदलली की एका चौकटीत एक आकडा बदलायचा, आणि ती बातमी तिच्याशी संबंधित सगळ्या पडद्यांवर जाते. नवा स्लाइड करा, त्याचे चित्र करा, पाठवा, जुने काढा, हा व्याप उरत नाही आणि दोन पडद्यांवर दोन वेळा दिसण्याची नामुष्कीही टळते. कवी कट्ट्यासारख्या ठिकाणी याचा उपयोग विशेष. तिथे शेकडो कवी आपला पुकारा कधी होईल म्हणून तासन्‌तास जागा सोडत नाहीत, जेवायलाही जात नाहीत. ‘आता वाचत आहेत’ आणि ‘पुढचे दहा’ एवढी दोन सदरे तिथल्या, ग्रंथप्रदर्शनातल्या आणि भोजनमंडपातल्या पडद्यांवर चालती ठेवली, तर लांबून स्वखर्चाने आलेल्या त्या माणसांना संमेलन उपभोगता येईल. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॉसडेम ही मुक्तस्रोतवाल्यांची परिषद भरते. प्रवेश विनामूल्य, नोंदणी नाही, सारे काम स्वयंसेवकांचे, आणि दोन दिवसांत शेकडो व्याख्याने. ती निभते त्याचे एक कारण असे की तिचे वेळापत्रक एकाच जागी, कोणालाही वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात ठेवलेले असते, आणि संकेतस्थळापासून लोकांनी हौसेने केलेल्या मोबाइल अ‍ॅपपर्यंत सगळे त्यातूनच माहिती घेतात. संमेलनाने यातून एक शिस्त उचलावी: कार्यक्रमाची खरी प्रत एकच असेल, आणि सूत्रसंचालकाच्या हातातला कागदही तिच्यातूनच छापला जाईल.

मराठीचा प्रश्न यात स्वतंत्रपणे सोडवावा लागतो, कारण ही साधने इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून घडली. ताज्या कार्डावर देवनागरी फॉन्ट नसला तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. लॅपटॉपवर सुरेख दिसलेले पान प्लेअरवर गेल्यावर जोडाक्षरे सुटी होऊन येणे हेही देवनागरीची पुरती सोय नसल्यानेच होते. याहून खोल अडचण आपल्या छपाईच्या सवयीत आहे. फ्लेक्सवाल्यांकडचा बराच मजकूर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला असतो. तो युनिकोडमध्ये नसल्याने तक्त्यात चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात. पत्रिका पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकली तर हा सगळा त्रास वाचतो. फॉन्ट निवडतानाही परवाना पाहावा. विकतचा फॉन्ट कार्डात घालून ते कार्ड पुढच्या यजमानाला देता येत नाही. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त आणि बलू, गूगलचे नोटो, रेड हॅटने पुढे आणलेले लोहित हे खुल्या परवान्याचे आहेत, ते निर्धास्त द्यावेत. वेबपानावर मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदवले, तर सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. साहित्य संमेलनाच्या पडद्यावर एवढी काळजी दिसायलाच हवी.

अक्षराचा आकारही आवडीनिवडीवर सोडून द्यायची बाब नाही, तो हिशेबाने काढता येतो. फलकांच्या व्यवसायात दर दहा फुटांना एक इंच उंचीचे अक्षर असा ठोकताळा आहे, आणि वर वेलांट्या, खाली उकार घेऊन चालणाऱ्या देवनागरीला त्याहून थोडे जास्तच द्यावे. भाड्याच्या एलईडी भिंतीचा एक नेहमीचा प्रकार पाहू. तिची अर्ध्या मीटरची एक पेटी असते आणि तीत एका बाजूला १२८ ठिपके असतात. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भिंत म्हणजे अशा चाळीस पेट्या, आणि एकूण १०२४ बाय ६४० ठिपके. लॅपटॉपवरचा १९२० बाय १०८० चा स्लाइड तिच्यावर जवळजवळ निम्म्यावर दाबला जातो, आणि त्यातल्या बारीक ओळी विरघळून जातात. त्या भिंतीवर ३२ ठिपके उंचीचे अक्षर सुमारे पाच इंच भरते, म्हणजे पन्नास फुटांवरून वाचता येते; त्याहून मागे बसलेल्यांसाठी मोठे हवे. एका वेळी पडद्यावर पाच-सहा ओळींहून जास्त मजकूर का घालू नये याचे उत्तर या आकड्यांतच आहे. भाडे ठरवतानाच भिंतीचे ठिपके विचारून घ्यावेत आणि मांडणी त्याच मापाची करावी.

कोणी विचारील, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना एवढा खटाटोप कशासाठी, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकला की झाले. संदेश जरूर टाकावा. पण संमेलनाला येणाऱ्यांत ज्येष्ठ वाचक मोठ्या संख्येने असतात, पुष्कळजण कोणत्याही गटात नसतात, गर्दीत नेटवर्क अडखळते, आणि पुढे ढकललेल्या संदेशांत सकाळचा कोणता आणि दुपारचा कोणता हे ओळखू येत नाही. पडदा सगळ्यांना एकच, ताजी गोष्ट सांगतो. त्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. बाहेर पडण्याचे मार्ग, प्रथमोपचार, पाणी, स्वच्छतागृहे यांचे फलक प्लायवूडवर रंगवलेले किंवा छापलेलेच असावेत. ज्या क्षणी वीज जाईल आणि गोंधळ होईल त्याच क्षणी त्यांची सर्वांत जास्त गरज पडेल, त्यामुळे सुरक्षिततेची माहिती केवळ पडद्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

सर्वांत गंभीर हरकत माणसांची आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला ग्राहकसेवेचा फोन नसतो. रात्री अकराला पडदे बंद पडले तर उत्तर द्यायला कोण येणार? खरे आहे. जगभरच्या स्वयंसेवकांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उद्या किंवा परवा येईल, उद्घाटनाआधी येईलच असे नाही. पण वर्गणीवाल्या सेवेचा माणूसही मैदानावर येणार नसतो, आणि तिथल्या बिघाडांत वीज, केबल, घड्याळ, फॉन्ट हेच जास्त असतात, जे कोणत्याही सेवेच्या फोनवरून सुटत नाहीत. त्यासाठी जागेवर दोन जाणती माणसे लागतातच. प्रत्येक तालुक्यात आता अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन किंवा संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना महिनाभर आधी हे काम सोपवले, नाव आणि मानधन दिले, तर ते निभावतात. समिती नेमकी इथेच हात आखडता घेते. एलईडी भिंतीच्या भाड्यावर मोठी रक्कम जाते आणि ती चालवणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्रावर बोळवले जाते. सॉफ्टवेअरची वाचलेली वर्गणी या माणसांवर खर्च झाली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. एखाद्या कंपनीच्या खात्यात गेलेले पैसे कार्यक्रमाबरोबर संपतात. शिकलेला विद्यार्थी गावात राहतो आणि पुढच्या व्याख्यानमालेला, गणेशोत्सवाला, जत्रेलाही उपयोगी पडतो.

आणि त्याचे काम पुढच्या गावालाही उपयोगी पडावे म्हणून सोपवणीची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. समारोपानंतर मांडव उतरवायच्या आत एका हार्ड डिस्कवर पाच गोष्टी गोळा व्हाव्यात: प्रत्येक प्रकारच्या प्लेअरच्या कार्डाची प्रत, झिबोच्या व्यवस्थापकाचा पूर्ण बॅकअप, खुल्या परवान्याचे फॉन्ट, कार्यक्रमाचा शेवटपर्यंत सुधारलेला तक्ता, आणि कोणत्या पडद्यापर्यंत किती मीटर केबल लागली, काय बिघडले, कशाने सुटले याची साध्या मराठीतली टिपणे. जुने पासवर्ड त्यातून काढून टाकावेत, कवी कट्ट्यावर नाव नोंदवलेल्यांचे फोन नंबरही. ही डिस्क सांभाळण्याची जबाबदारी महामंडळाने घ्यावी आणि कार्यालय दुसऱ्या घटक संस्थेकडे जाईल तेव्हा दप्तराबरोबर तीही जावी. नव्या यजमानाने फक्त गावाचे नाव, मंडपांची नावे आणि तक्ता बदलायचा, आणि आपल्या विद्यार्थ्यांकडून इंटरनेटची तार काढून तालीम करून घ्यायची. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही, कारण ती परवान्यात आधीच लिहून दिलेली आहे.